परसातल्या कोंबड्यांच्या छोट्या कळपात तरणे नर जास्त झाले तर

खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेल्या, कोंबडीखालून किंवा इनक्युबेटरमधून निघालेली पिल्लं तीन-साडेतीन महिने गुण्यागोविंदानं नांदतात. मग एका पंधरवड्यात सगळं बदलतं. माद्यांच्या पाठीची पिसं जाऊ लागतात, एखादी दिवसभर बसायच्या दांडीवरून खाली उतरत नाही, अंडी घटतात. तीन-चार नर पहाटेपासून आळीपाळीनं आरवतात आणि एकमेकांचे तुरे रक्तबंबाळ करतात. वैतागून एखादा नर कुणाला तरी देऊन टाकला जातो, पुढच्या हंगामात पुन्हा अंडी बसवली जातात आणि पुन्हा तेच सुरू होतं.

माझं मत आधीच सांगते. जास्तीचे नर माद्यांमधून बाहेर काढणं हाच यावरचा खरा उपाय आहे. पाठीवर कापडी झूल बांधणं, नखं घासणं, जागा वाढवणं, खाद्याची भांडी वाढवणं हे सगळं उपयोगाचं आहे, पण त्यानं फक्त वेळ मिळतो. आणि नर बाहेर काढायचे ते रक्त दिसल्यावर नाही, त्याच्या आधी. तोपर्यंत थांबण्याची किंमत माद्या मोजतात.

पाठ उघडी पडली ती नरांमुळेच का?

आधी खात्री करून घ्या, कारण उपाय कारणाप्रमाणे बदलतो. नर मादीवर चढतो तेव्हा चोचीनं तिच्या डोक्यामागची पिसं धरतो आणि तोल सावरायला दोन्ही पायांनी पाठ तुडवतो. म्हणून नरांमुळे पिसं जातात ती ठरावीक जागीच: डोक्याची मागची बाजू, पाठीचा मधला पट्टा आणि पंख अंगाला जोडले जातात ते खांदे. उरलेल्या पिसांच्या काड्या मोडलेल्या असतात. छाती, पोट, मांड्या शाबूत असतात.

पीसगळ असेल तर ती डोकं आणि मानेपासून सुरू होऊन मागे सरकत जाते आणि खालून नव्या पिसांचे कोंब दिसतात. उवा असतील तर गुदाभोवतीची पिसं बाजूला केल्यावर काड्यांच्या बुडाशी पांढरट दाणेदार पुंजके दिसतात. ती त्यांची अंडी. रात्री निघून रक्त पिणारे लाल माइट असतील तर दांडीच्या खालच्या बाजूवर पांढरं फडकं घासल्यावर लालसर डाग उमटतात. आणि फक्त शेपटीच्या बुडाशीच पिसं गेली असतील तर बहुतेक माद्याच एकमेकींना टोचत आहेत; तिथे गर्दी आणि खाद्यातली प्रथिनं तपासा. यातलं काही नरांच्या त्रासासोबतही असू शकतं, म्हणून एक कारण सापडलं की शोध थांबवू नका.

यानंतरची तपासणी बहुतेक जण करत नाहीत, आणि तीच सगळ्यात महत्त्वाची आहे. अंधार पडल्यावर, सगळ्या दांडीवर शांत बसल्या की, बॅटरी घेऊन एकेक मादी उचला. तिला काखेत धरून एका हातानं पंख वर करा आणि पंखाखालची, बरगड्यांच्या बाजूची कातडी पाहा. नराचं नख किंवा पायामागचा काटा घसरून नेमका तिथे लागतो आणि शिवण उसवावी तशी कातडी लांब फाटते. वरून पंख झाकत असल्यामुळे दिवसा यातलं काही दिसत नाही. मादी फिरते, थोडंफार खाते, फक्त जरा गप्प वाटते. त्याच वेळी छातीचं मधलं हाड चाचपा. दोन्ही बाजूंना मांस नसून हाड धारेसारखं हाताला लागलं तर ती मादी बरेच दिवस नीट खात नाहीये. गळ्याखालची अन्नाची पिशवीही दाबून पाहा. दिवसभर खाल्लेल्या पक्ष्याची पिशवी संध्याकाळी भरलेली, घट्टसर असते. रिकामी लागली तर कुणीतरी तिला भांड्यापर्यंत पोचू देत नाही.

जखम सापडली तर मिठाच्या सौम्य पाण्यानं धुवा, आजूबाजूची मोडकी पिसं कापा आणि मादीला लगेच वेगळं ठेवा. रक्त दिसलं की कळपातल्या बाकीच्या माद्यासुद्धा तिथे टोचतात. उन्हाळ्या-पावसाळ्यात माश्या अशा जखमेवर अंडी घालतात आणि एक-दोन दिवसांत अळ्या होतात, म्हणून जखम रोज सकाळ-संध्याकाळ पाहा. कातडी खोल फाटून आतलं मांस दिसत असेल तर पशुवैद्याकडे न्या. वेगळं ठेवताना जमलं तर सोबत एक शांत मादी द्या. एकटी राहिलेली कळपात परतते तेव्हा तिला आपली जागा पुन्हा झगडून मिळवावी लागते.

किती नर म्हणजे जास्त?

पैदाशीच्या कळपात साधारण ८ ते १२ माद्यांमागे एक नर ठेवतात. जड जातींत कमी माद्या, हलक्या, चपळ जातींत जास्त. आता हेच पिल्लांच्या हिशेबाला लावून पाहा. नर आणि माद्या जवळपास सारख्याच निघतात. १२ पिल्लं निघाली तर सरासरी ६ नर, आणि ६ नर सुमारे ६० माद्यांना पुरतात. परसात माद्या असतात सहा नाहीतर आठ. म्हणजे नशीब खराब नसतानाही नर जास्तच होणार. त्यात ही सरासरी आहे. १२ पिल्लांत ८ किंवा त्याहून जास्त नर निघण्याची शक्यता साधारण पाचात एक आहे. म्हणून "यंदा सगळे नरच निघाले" यात विशेष काही घडलेलं नसतं.

पिल्लाचं लिंग नर ठरवत नाही. पक्ष्यांमध्ये ते मादीकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरतं. मादीकडे दोन वेगळी लिंग-गुणसूत्रं असतात, नराकडे दोन्ही सारखी. त्यामुळे नर बदलला म्हणून माद्या जास्त निघत नाहीत. टोकदार अंड्यातून नर आणि गोल अंड्यातून मादी निघते, अंड्यावर दोऱ्यानं अंगठी टांगून कळतं, यातही काही तथ्य नाही. इनक्युबेटरचं तापमान कमी-जास्त करून कासवांच्या काही जातींसारखं इथे लिंग बदलत नाही. भ्रूण मात्र मरतात.

अंडी फक्त खाण्यासाठी हवी असतील तर नर एकही लागत नाही. माद्या त्याच्याशिवाय तेवढीच अंडी देतात. चार-पाच माद्यांच्या कळपात एखादा जोमदार तरणा नरसुद्धा जास्तच होतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. आणि बारा माद्यांत दोन नर ठेवले की ओझं वाटून जाईल ही अपेक्षा अनेकदा खोटी ठरते. दोघं एकमेकांवर कुरघोडी करण्यासाठी त्याच त्या दोन-तीन माद्यांच्या मागे लागतात. जागा मोकळी आणि मोठी असेल, दोघांना आपापलं टोक धरता येत असेल, तरच हे जमतं.

तीन-चार महिन्यांतच एवढा त्रास का होतो?

कारण नर आणि माद्या एका वेळी वयात येत नाहीत. त्याच उबवणीतले नर तीन-चार महिन्यांतच चढायला लागतात. तलंगा, म्हणजे अजून अंडी न देणाऱ्या तरण्या माद्या, मात्र अंड्यावर यायला साधारण पाच-सहा महिने घेतात. तयार असलेली मादी नर जवळ आला की खाली बसते, पंख किंचित पसरते. तलंग बसत नाही, पळते. मग पाठलाग होतो, आणि एकानं पकडली की दुसरा त्याला ढकलून वर चढतो, तिसरा डोकं टोचतो. या वयाच्या नरांना मादीपुढे पंख टेकवून गिरकी घेण्याची रीतही अजून आलेली नसते. मोठी, अनुभवी मादी असेल तर ती अशा पोराला टोच मारून सरळ करते. तलंगांना ते जमत नाही. म्हणून एकाच वयाच्या पिल्लांच्या कळपात हा त्रास सगळ्यात जास्त होतो.

सकाळी खुराड्याचं दार उघडताना दोन मिनिटं बाजूला उभं राहून पाहा. नर आधी बाहेर उडी मारतात आणि दाराशीच थांबतात. पहिली तलंग फळीवरून उतरते, मान खाली घालून इकडेतिकडे पाहते, आणि पाय जमिनीला लागायच्या आत एक जण तिच्या मानेला धरतो. तिच्या ओरडण्यानं बाकीचे धावत येतात. आतल्या माद्या हे पाहून मागे सरकतात. मग त्या दुपारपर्यंत बाहेरच येत नाहीत, आणि पालकाला वाटतं की आजारी आहेत. तुमच्याकडे हे दिसत असेल तर आणखी पुरावा शोधत बसू नका.

आजपासून काय करायचं

नर आजच वेगळे करा, तात्पुरती जागा असली तरी चालेल. जागा अगदीच नसेल तर निदान वेळ वाटून घ्या. सकाळी माद्या आधी सोडा, त्यांचं खाणं-पिणं, मातीत लोळणं होऊ द्या, आणि नर दुपारनंतर सोडा. उतरण्याची फळी रुंद करा किंवा बाहेर पडायला दुसरं दार करा, म्हणजे दाराशी दबा धरता येणार नाही. अंगणात आडोसे उभे करा: टेकवून ठेवलेली फळी, मोठं झुडूप, उलटं केलेलं खोकं. नजरेआड झालेल्या मादीचा पाठलाग नर लवकर सोडतो. खाद्य-पाणी दोन-तीन ठिकाणी ठेवा, एका भांड्यापासून दुसरं दिसणार नाही असं.

उघड्या पाठीवर कापडी झूल बांधता येते. जाड सुती कापडाचा तुकडा पाठीवर, पट्टे पंखांच्या बुडाशी. पट्टा इतका सैल हवा की पंख पूर्ण पसरता येतील. दर तीन-चार दिवसांनी झूल काढून खाली पाहा, कारण तिच्या उबेत उवा वाढतात आणि ओली झाली तर कातडी सोलवटते. पिसं परत कधी येतील हे ती उपटली गेली की मोडली यावर आहे. मुळासकट उपटलेलं पीस काही आठवड्यांत नव्यानं फुटतं. मोडलेल्या काडीचं बूड मात्र कातडीत तसंच राहतं आणि पुढच्या पीसगळीपर्यंत तिथे नवं पीस येत नाही. म्हणजे नर आज काढले तरी काही माद्यांच्या पाठी महिनोन्महिने उघड्या दिसतील. त्याला उपाय फसला असं समजू नका. उघड्या पाठीला ऊन लागतं, एवढ्यासाठी झूल चालू ठेवा.

जो नर ठेवायचा त्याची नखं कानशीनं घासून बोथट करा. पहिल्या वर्षी पायामागचे काटे लहान असतात, जखमा बहुतेक नखांच्याच असतात. काट्याच्या आत जिवंत हाड आणि रक्त असतं, त्यामुळे मोठ्या नराचं फक्त टोक घासायचं, बुडाशी कापायचं नाही.

कोणता नर ठेवायचा

दिसायला देखणा म्हणून नर ठेवू नका. लांब शेपूट आणि रंग यांवर माणसं भुलतात आणि वर्षभर पस्तावतात. मी पाहते ते असं. खाण्याचा तुकडा सापडला की तो स्वतः गिळतो, की चोचीत उचलून-टाकून 'टुकटुक' आवाज काढत माद्यांना बोलावतो? चढण्याआधी एक पंख जमिनीला टेकवून मादीभोवती फिरतो, की मागून धावत येऊन पकडतो? वर घार दिसल्यावर ओरडतो का? नर आकाशातल्या शिकाऱ्यासाठी एक आवाज काढतो आणि जमिनीवरच्या कुत्र्या-मांजरासाठी वेगळा, आणि माद्या दोन्ही ऐकून वेगवेगळं वागतात. सगळ्यात खरी साक्ष माद्यांची: दुपारी त्या आपण होऊन कुणाच्या जवळ जाऊन बसतात ते पाहा.

शरीरही पाहा. बोटं सरळ, पाठ सरळ, चोच जुळणारी, छातीचं हाड वाकडं नसलेलं, डोळे स्वच्छ. आणि शक्य असेल तर घरच्या तलंगांचा भाऊ पैदाशीला ठेवू नका. त्याऐवजी बाहेरचा नर आणा. बाहेरून आणलेला पक्षी काही आठवडे वेगळा ठेवून मगच मिसळा.

निवड एका बैठकीत होत नाही, याचं कारण नीट समजून घ्यायला हवं. कळपात कुणी कुणाला टोचायचं याची उतरंड असते. नॉर्वेच्या श्येल्डरुप-एब्बे यांनी १९२०च्या दशकात ती प्रथम नीट मांडून दाखवली. वरच्या नराच्या दबावाखाली असलेला नर गरीब, शांत दिसतो. तो माद्यांकडे जात नाही, आरवत नाही, माणसापासून लांब राहतो. आपण म्हणतो, हाच चांगला, आणि दांडगटाला काढून टाकतो. पंधरा दिवसांत हा 'गरीब' नर वरच्या जागी जातो आणि त्याचा खरा स्वभाव दिसतो. कधी तो खरंच चांगला निघतो, कधी गेलेल्यापेक्षा वाईट. म्हणून सगळ्यात त्रासदायक दोन-तीन नर आधी काढा, पण उरलेल्यांतले दोन राखा: एक माद्यांमध्ये, एक वेगळा. काही आठवड्यांनी अदलाबदल करून पाहा. शेवटचा निर्णय नर सहा-सात महिन्यांचा झाल्यावर घेतलेला बरा. एकाच नरावर सगळं अवलंबून नसणं हेही चांगलंच.

नरांचा वेगळा कळप

जागा असेल तर हा उत्तम मार्ग आहे. माद्या दिसत नसतील तर बरेच नर एकत्र बऱ्यापैकी शांत राहतात. 'दिसत नसतील' हे महत्त्वाचं. मधे फक्त जाळी असेल तर नर दिवसभर जाळीला धरून येरझाऱ्या घालतात आणि एकमेकांवर राग काढतात. पत्रा, फळ्या, दाट झाडं, काहीही चालेल, पण माद्या नजरेआड हव्यात. आवाज ऐकू आला तर तेवढं बिघडत नाही.

नरांना एकाच संध्याकाळी, अंधारात, सगळ्यांसाठी नव्या असलेल्या जागेत एकदम ठेवा. म्हणजे 'हे माझं घर' असं कुणाचंच नसतं. प्रत्येकी निदान १० चौरस फूट मोकळी जागा द्या, जमलं तर दुप्पट. दांडीवर प्रत्येकाला फूटभर जागा हवी आणि उंचीत फार फरक नको, नाहीतर वरच्या दांडीसाठी रोज संध्याकाळी भांडण होतं. एकत्र वाढलेले भाऊ सगळ्यात सोपे. एकदा बसवलेल्या कळपातून एखाद्याला काढून चार दिवस माद्यांत ठेवायचं आणि परत आणायचं, असं करू नका. परतलेल्यावर सगळे तुटून पडतात.

पहिले काही दिवस मानेची पिसं फुलवून समोरासमोर उभं राहणं, उडी मारून पाय मारणं चालणारच. हरलेला मान खाली घालून बाजूला झाला आणि दुसऱ्यानं त्याला सोडून दिलं, तर ठीक चाललंय. शरण गेल्यावरही पाठलाग सुटत नसेल, कोपऱ्यात दाबून डोक्यावर टोचणं सुरू असेल, किंवा संध्याकाळी एखाद्याची अन्नाची पिशवी रोज रिकामी लागत असेल, तर त्याला बाहेर काढा. अशा ठिकाणी 'आपोआप जमेल' म्हणून सोडणं क्रूरपणाचं आहे.

खाद्याबद्दल एक गोष्ट इथे हमखास चुकते. अंड्यावरच्या माद्यांच्या खाद्यात साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असतं. नरांना आणि अजून अंड्यावर न आलेल्या तलंगांना साधारण एक टक्का पुरतं. वाढीच्या वयात महिनोन्महिने जास्त कॅल्शियम गेलं तर मूत्रपिंडं खराब होतात. म्हणून वेगळ्या नरांना ग्रोअर फीड, म्हणजे वाढत्या पक्ष्यांचं खाद्य, द्या. मिश्र कळप असेल तर सगळ्यांनाच कमी कॅल्शियमचं खाद्य द्या आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा. ज्या माद्यांना गरज आहे त्या बरोबर खातात.

आरवणं

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, आणि कोंबडा आरवायचाही राहत नाही. जपानच्या नागोया विद्यापीठातल्या शिम्मुरा आणि योशिमुरा यांनी २०१३ मध्ये दाखवलं की मंद, न बदलणाऱ्या उजेडात ठेवलेले नरसुद्धा आतल्या घड्याळाप्रमाणे पहाटेच्या सुमारास आरवतात. २०१५ मध्ये त्यांच्याच गटानं आणखी दाखवलं की सगळ्यात वरचा नर आधी आरवतो आणि बाकीचे उतरंडीप्रमाणे त्याच्यामागून; वरचा काढला की दुसरा सुरुवात करतो. म्हणजे सगळ्यात मोठ्यानं ओरडणारा एक काढून शांतता मिळत नाही. आवाज कमी करायचा तर नरांची संख्या कमी करावी लागते.

खुराडं अंधारं आणि हवेशीर ठेवून, उजाडल्यावर उशिरा दार उघडलं तर शेजाऱ्यांपर्यंतचा आवाज थोडा कमी होतो. गळ्याभोवती घट्ट बांधायचे आरवणं-रोधक पट्टे मिळतात. मी ते वापरू नका असंच सांगेन. पट्टा जरा घट्ट झाला, मान फुगली किंवा नख अडकलं तर पक्षी गुदमरतो, आणि हे पाहायला त्या वेळी कुणी नसतं.

माणसावर धावणारा नर

पाच महिन्यांपासून वर्षभरापर्यंत नर माणसाला आजमावतात. एक पंख खाली सोडून तिरका चालत जवळ येणं ही पहिली खूण. तेव्हा लाथ मारू नका आणि पळूही नका. दोन्हीतून त्याला 'सामना सुरू झाला' असंच कळतं. जागीच थांबा, किंवा त्याच्या दिशेनं शांतपणे चालत जा, तो बाजूला होईपर्यंत. उचलावा लागला तर पंख अंगाशी दाबून काखेत धरा आणि तो सैल पडेपर्यंत खाली ठेवू नका. पिल्लू असताना मांडीवर घेऊन लाडावलेले नर माणसाला घाबरत नाहीत आणि बऱ्याचदा तेच पुढे अंगावर येतात, म्हणून नर असल्याचा संशय आला की हातावर भरवणं थांबवा.

घरात लहान मूल असेल आणि नर पुन्हा पुन्हा अंगावर येत असेल, तर तो ठेवू नका. उडी मारणाऱ्या नराचा काटा मुलाच्या डोळ्याच्या उंचीवर येतो. त्याची पैदासही नको. स्वभाव काही प्रमाणात वारशानं येतो.

काढलेल्या नरांचं पुढे काय

तीनच रस्ते आहेत: वेगळा कळप करून सांभाळणं, चांगल्या घरी देणं, किंवा खाण्यासाठी कापणं. तीनही प्रामाणिक आहेत. रानात किंवा गावाबाहेर सोडून देणं हा चौथा रस्ता नाही. पाळलेला नर तिथे एक-दोन रात्रींत शिकाऱ्याच्या तोंडी जातो नाहीतर उपाशी मरतो.

देताना स्वभाव खरा सांगा. जो घेतो तो कशासाठी घेतो ते विचारा. फुकट दिलेले नर झुंजीसाठीही नेले जातात. कापायचं ठरलं तर साधारण १४ ते १८ आठवड्यांचा नर मऊ असतो. त्यानंतर मांस चिवट होत जातं आणि मंद आचेवर जास्त वेळ शिजवावं लागतं. आदल्या रात्रीपासून खाद्य बंद ठेवा, पाणी मात्र चालू ठेवा. तडफड होणार नाही अशी पद्धत जाणत्या माणसाकडून समोर शिकून घ्या. वाचून पहिल्यांदा करू नका. मांस एक-दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवून मग शिजवलं तर ताठरपणा जातो. खच्चीकरणाचा विचार कुणी सुचवला तर लक्षात घ्या की पक्ष्याची वृषणं पोटात, मूत्रपिंडांजवळ असतात. ती पोट उघडून करायची शस्त्रक्रिया आहे, घरी करायची गोष्ट नाही.

पुढच्या वेळी अंडी बसवताना

अंडी बसवायच्या आधी एका कागदावर लिहा: निघणाऱ्यांपैकी निम्मे नर धरून, त्यांचं काय करणार? वेगळी जागा, घेणारा माणूस, की स्वयंपाकघर? उत्तर नसेल तर अंडी बसवू नका. फक्त माद्याच हव्या असतील तर लिंग तपासलेली पिल्लं किंवा वाढलेल्या तलंगा घ्या. गुद तपासून नर-मादी ओळखायची पद्धत जपानमध्ये १९२०च्या दशकात विकसित झाली. तरबेज माणूस त्यात फार क्वचित चुकतो, पण क्वचित चुकतोच, म्हणून एखादा नर निघेल अशी तयारी ठेवा. काही संकरांत पहिल्याच दिवशी रंगावरून कळतं: पट्टेदार मादी आणि पट्टे नसलेला लाल किंवा काळा नर यांच्या पिल्लांत नराच्या डोक्यावर फिकट ठिपका असतो, मादीच्या नसतो.

नर बदलून नव्या नराची पैदास घ्यायची असेल तर थांबावं लागतं. मादीच्या शरीरात आधीच्या नराचं वीर्य दोन आठवड्यांपर्यंत, कधी त्याहून जास्त टिकतं. तीन-चार आठवडे जाऊ द्या, मग अंडी गोळा करा, आणि आठवड्याभराच्या आतली अंडीच बसवा.

साध्या देशी पिल्लांत लवकर ओळखायचं तर पाचव्या-सहाव्या आठवड्यापासून तुरा पाहा, पण एकाच जातीच्या, एकाच दिवशी निघालेल्या पिल्लांची आपसात तुलना करा. ज्यांचा तुरा आणि चोचीखालची लोंबती कातडी लवकर लाल, जाड होते ते बहुतेक नर. पक्की खूण येते साधारण तिसऱ्या महिन्यात: कमरेवर, शेपटीच्या आधी, नराची पिसं लांब, अरुंद, टोकदार आणि चकाकती होतात, मादीची रुंद आणि गोल टोकाची राहतात. छाती पुढे काढून उभं राहणं किंवा भांडखोरपणा यावर विसंबू नका, तलंगाही तशा वागतात. संशयित नरांच्या पायात रंगीत रिंग घाला आणि आठवडाभराच्या अंतरानं त्यांच्या तुऱ्याचे आणि कमरेच्या पिसांचे फोटो काढून ठेवा. खूण पक्की झाली की त्याच आठवड्यात नर वेगळे करा, चढणं सुरू होण्याची वाट पाहू नका. रिंग मात्र दर पंधरा दिवसांनी तपासून मोठी करा. या वयात पाय झपाट्यानं जाड होतात आणि रुतलेली रिंग पाय सुजवते.